घटस्फोट: कोर्टात भांडायचं की मध्यस्थीला बसायचं? नाशिकवाल्यांसाठी, अनुभवातून

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला, रात्री साडेअकराला, आवाज एकदम दबलेला, "ताई, तू कोर्टात गेली होतीस ना, मग मध्येच ते मध्यस्थीचं कसं काय झालं, मला सांग मी कुठून सुरू करू." ती दिंडोरीकडे दिलेली, सासरी द्राक्षबाग. माझं सासर सिडकोत, नवरा अंबडला कंपनीत कामाला, म्हणजे दोघींची गोष्ट एकसारखी अजिबात नाही, तरी दीड तास बोललो. तेच इथे लिहून काढतेय कारण हा प्रश्न वर्षातून दोनतीनदा कोणी ना कोणी विचारतंच, आणि दरवेळी मी काहीतरी सांगायला विसरते. मी वकील नाहीये. जवळपास दोन वर्षं तारखा केल्या आणि मध्यस्थीच्या पाच बैठका, एवढंच माझं शिक्षण. सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, हे एकदाच सांगते, परत परत नाही सांगणार.

आधी एक गैरसमज काढू

लोक असं विचारतात जणू दोन वेगळ्या दुकानांतून घटस्फोट मिळतो. तसं नाहीये. घटस्फोट कोर्टच देतं. मध्यस्थीत कितीही छान ठरू दे, कोर्टाची डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, हातात येईपर्यंत तुम्ही नवराबायकोच. पूर्वी शंभरच्या आणि आता पाचशेच्या स्टॅम्पवर "आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत" असं टाइप करून नोटरीचा शिक्का मारून घेतात ना, त्याने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये जातीच्या रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे हे खरं, पण ती रूढी पुरावा देऊन कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि असा कागद घेऊन दुसरं लग्न करून नंतर अडकलेली दोन माणसं मी स्वतः ओळखते.

तर मग प्रश्न काय आहे? प्रश्न एवढाच की अटी कोण ठरवणार. पैसे किती, मुलं कोणाकडे, सोनं कुठे, फ्लॅटचं काय, हे जज ठरवणार की तुम्ही दोघं. जजनी ठरवायचं तर एकाने दुसऱ्यावर कलम १३ खाली कारण दाखवून केस टाकायची, म्हणजे क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर वगैरे, आणि ते सगळं सिद्ध करायचं. दोघांनी ठरवायचं तर शेवटी कलम १३ब, ज्याला सगळे म्यूच्युअलच म्हणतात, ते १९७६ साली कायद्यात आलं. फॅमिली कोर्टात तुम्हाला "ए पिटिशन" आणि "एफ पिटिशन" असे शब्द ऐकू येतील, ए म्हणजे भांडणाची, एफ म्हणजे संमतीची. रजिस्टर लग्न असेल तर १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये कलम २८ आहे, तेही जवळपास असंच. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी तेवढा भाग वेगळा विचारून घ्यावा, टेबलावर बसायचं जे पुढे लिहिलंय ते त्यांनाही उपयोगी पडेल.

आणि एक, "आमच्यात आता काही उरलंच नाही हो" हे कारण म्हणून नाशिकच्या कोर्टात चालत नाही. २०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की पूर्ण मोडलेलं लग्न आम्ही राज्यघटनेच्या कलम १४२ च्या अधिकारात संपवू शकतो, ती बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली, पण तो अधिकार सुप्रीम कोर्टाचा आहे, फॅमिली कोर्टाचा नाही. म्हणजे समोरचा संमती देत नसेल तर तुम्हाला कारण सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नाही. तालुक्याला राहणाऱ्यांनी आपली केस शहरातल्या फॅमिली कोर्टात येते की तिकडच्या दिवाणी कोर्टात, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. बाईने केस टाकायची असेल तर ती जिथे राहते तिथे टाकता येते, माहेरी आलेली असेल तर माहेरी, २००३ पासून तशी सोय आहे.

मामांची बैठक म्हणजे मध्यस्थी नाही

माझ्या वेळी पिंपळगावला मामांच्या ओट्यावर बैठक झाली होती. चौदा माणसं. त्यांच्याकडचे नऊ, आमच्याकडचे पाच, पोहे झाले, चहा झाला, तीन तासांत मी किती बोलले असेन तर दोन वाक्यं, आणि शेवटी ठरलं काय तर "पोरगी नांदायला जाईल, जावईबापू हात उचलणार नाहीत." लिहून कोणीच काही घेतलं नाही. चार महिन्यांत परत माहेरी. तेव्हापासून मध्यस्थी हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर तो ओटाच यायचा, म्हणून वकीलबाईंनी सुचवलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले, आणि त्यात माझं वर्ष गेलं.

फॅमिली कोर्टातले समुपदेशक हेही वेगळं प्रकरण. फॅमिली कोर्टाचा कायदा १९८४ चा, त्यात कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असं लिहिलंय, म्हणून केस टाकली की सुरुवातीला तुम्हाला काउन्सेलरकडे पाठवतात. तिथला पहिला प्रश्न साधारण "एकत्र राहणं शक्य आहे का" हाच असतो. बरेच लोक तिथे एकदा जाऊन येतात, चिडून बाहेर पडतात आणि म्हणतात "मध्यस्थी केली, काही उपयोग नाही." अहो ती मध्यस्थी नव्हतीच. मध्यस्थ तुम्हाला नांदायला जा असंही म्हणत नाही आणि सोडा असंही म्हणत नाही, तो निकालही देत नाही. निकाल देतो तो लवाद. मध्यस्थाचं काम म्हणजे दोघांना टेबलावर टिकवून ठेवणं आणि तुम्हीच जे ठरवाल ते लिहून घेणं. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातले मध्यस्थ ४० तासांचं ट्रेनिंग घेतलेले असतात, बहुतेक वकील किंवा न्यायाधीश, आणि कोर्टाने पाठवलेल्या केसला त्यांची फी तुम्हाला द्यावी लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, कोणाला काय

सगळ्यात आधी स्वतःला हे विचारा, की तुम्हाला त्या माणसाची भीती वाटते का. मार खाल्लाय, धमक्या आहेत, समोर बसलात की तोंडून शब्द फुटत नाही, असं असेल तर टेबलाचा विषय आत्ता सोडा. आधी संरक्षण. ११२ किंवा महिलांची १८१ हेल्पलाइन, मग २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो, त्यात घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, जवळ येऊ नये असा आदेश, हे सगळं मागता येतं. यात नंतर कोर्टाने मध्यस्थीला पाठवलंच तर "मी समोरासमोर बसणार नाही, वेगवेगळं बोला" असं स्पष्ट सांगायचं, आणि सही करायची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही, मध्यस्थही नाही, वकीलही नाही, सख्खा भाऊसुद्धा नाही.

भीती नसेल तर पुढचं बघा, भांडण घटनेवरून आहे की आकड्यावरून. म्हणजे काय, तर "त्याने केलं की नाही केलं" यावर वाद असेल, एकजण अजिबात सोडायलाच तयार नसेल, किंवा माणूस गायबच असेल, दुसरं लग्न करून बसला असेल, तर कोर्टच. मध्यस्थ कोणाला शोधून आणू शकत नाही आणि खरं खोटंही ठरवू शकत नाही. पण सुटायचं दोघांनाही आहे आणि गाडी अडलीय कुठे तर पंधरा लाख की नऊ लाख, रविवारी मुलगी भेटेल की महिन्यातून दोनदा, तर तुम्ही कोर्टात त्या आकड्यासाठी नाही, रागासाठी भांडताय. माझं तेच चालू होतं. क्रूरतेची केस टाकलेली, उलटतपासात समोरचे वकील विचारतात "तुम्ही १४ तारखेला सासूबाईंना उलट उत्तर दिलं हे खरं आहे काय", आणि मी इकडे दोन दिवस आठवतेय की चौदा तारीख कुठली. त्या उत्तराने माझ्या मुलीच्या फीचा एक रुपया इकडचा तिकडे होणार नव्हता.

आणि तिसरं, ज्यावर कोणीच आधी बोलत नाही: समोरच्याची कमाई तुम्हाला खरंच माहीत आहे का?

आधी ॲफिडेव्हिट, मग टेबल

माझं मत विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. लोक सांगतात "आधी मध्यस्थी करून बघा, नाहीच जमलं तर कोर्ट." मी उलटं सांगते, निदान पैशाचा वाद असेल तर. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मालमत्ता, कमाई, कर्जं, खर्च, सगळं शपथपत्रावर द्यायचं, त्याचा नमुनाच ठरवून दिलाय, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे केस टाकून कलम २४ चा अंतरिम पोटगीचा अर्ज केला की समोरच्याला सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, एफडी, एलआयसी, सगळं शपथेवर मांडावं लागतं. खोटं लिहिलं तर ते पुढे अंगाशी येतं. हे कागद हातात आल्यावर मध्यस्थीत बसलात की दोघंही एकाच पानावरून बोलता. त्याच्या आधी बसलात तर तो म्हणेल पगार बत्तीस हजार, तुम्ही म्हणाल साठ, आणि मध्यस्थबाई बिचाऱ्या दोघांचं ऐकून चहा मागवणार.

माझ्या मावसबहिणीचं तर आणखी अवघड. बाग सासऱ्यांच्या नावावर, ट्रॅक्टर दिराच्या नावावर, आणि नवरा कोर्टात सांगणार की मी घरच्या शेतात राबतो, मला हातखर्चाला चार-पाच हजार मिळतात. नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट इतकी कॉमन आहे की काय सांगू. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून रिटर्नमध्येही फारसं काही सापडत नाही. मग तिला सांगितलं की सातबारा आणि आठ-अ काढ, ते ऑनलाइन निघतात, सोसायटीचं पीककर्ज किती घेतलंय ते बघ कारण कर्ज एकराच्या हिशोबात मिळतं, व्यापाऱ्याच्या पावत्या, कांदा असेल तर लासलगाव नाहीतर पिंपळगाव बाजार समितीच्या पट्ट्या, गाडीचा हप्ता कोणाच्या खात्यातून जातो ते, आणि घरातून निघायच्या आधी जे दिसेल त्याचा फोटो. चोरी करू नकोस, पण डोळे उघडे ठेव.

आणि शेतकरी घर असेल तर मध्यस्थीचा एक मोठा फायदा आहे जो कोर्टात सहसा मिळत नाही. कोर्ट साधारण "दरमहा इतके" असा आदेश करणार. बागायतदाराकडे दरमहा पैसा येतच नाही, येतो तो फेब्रुवारी ते एप्रिल माल गेला की, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटणी, औषधं, मजुरी यात सगळा पैसा जमिनीत जातो. टेबलावर तुम्ही ठरवू शकता की वर्षाचा हप्ता एप्रिलमध्ये, व्यापाऱ्याचे पैसे आले की पंधरा दिवसांत. छाटणीच्या वेळी चेक लावलात तर तो परत येणार हे तुम्हालाही माहीत आहे, त्यालाही. जजना हे समजत नाही असं नाही, पण त्यांच्यासमोर बोर्डावर त्या दिवशी साठ-सत्तर प्रकरणं असतात, तुमच्या बागेचं कॅलेंडर बघायला कोणाला वेळ आहे.

टेबलावर काय होतं

केस चालू असेल तर दोघांपैकी कोणीही अर्ज देऊ शकतं की आम्हाला मध्यस्थीला पाठवा, कोर्ट स्वतःहूनही पाठवतं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैवाहिक वादात मध्यस्थीचा प्रयत्न करायला सांगितलंय. केस टाकायच्या आधीच बसायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, सीबीएसजवळ जिल्हा कोर्टाच्या आवारात. २०२३ मध्ये मध्यस्थीचा वेगळा कायदाही झाला, त्यात १२० दिवसांची मुदत लिहिलीय आणि दोघं तयार असतील तर आणखी ६० दिवस. मला पाच बैठका लागल्या, तीन महिन्यांत.

पहिल्या बैठकीत दोघं समोरासमोर, वकीलही चालतात. नातेवाईक बाहेर. हे फार बरं आहे, माझ्या भावाला बाहेर बसवलं तेव्हा तो फुगला होता पण तो आत असता तर पहिल्या दहा मिनिटांत टेबल उलटं झालं असतं. मग मध्यस्थ एकेकाला वेगळं बोलावतात, आणि तिथे जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगत नाहीत. कोर्टालाही नाही. जमलं नाही तर मध्यस्थ कोर्टाला फक्त "तडजोड झाली नाही" एवढंच कळवतात, कोण काय बोललं, कोण किती द्यायला तयार होतं, काही नाही. म्हणून तिथे मोबाईलवर रेकॉर्डिंग करत बसू नका. कोर्टाचं उलटं आहे बघा, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवराबायकोने गुपचूप रेकॉर्ड केलेले फोनही घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालू शकतात. म्हणजे घरी भांडताना तोंड सांभाळा आणि मध्यस्थीत मोकळं बोला, असा उलटा काळ आलाय.

आमच्या दोन बैठका एका येवल्याच्या पैठणीवर गेल्या. खरंच सांगते. लग्नातली पैठणी, सासूबाई म्हणायच्या आम्ही घेतली, आई म्हणायची आम्ही. किंमत धरली तर दोघांच्या वकिलांच्या एका दिवसाच्या फीएवढीही नसेल. शेवटी मध्यस्थबाई त्याला म्हणाल्या, "दादा, जूनमध्ये मुलगी पहिलीत जाणार. गंगापूर रोडला शाळा, तुमची शिफ्ट सातची, ताईंची ड्युटी नऊची. तिला शाळेत कोण सोडणार?" तो गप्प. मीही गप्प, कारण हा प्रश्न दीड वर्षात आमच्यापैकी कोणी विचारलाच नव्हता, कोर्टाच्या कुठल्याच कागदावर तो नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही भांडणाऐवजी बसचा रूट बोललो. पैठणी अजून सासूबाईंकडेच आहे.

कन्सेंट टर्म्स लिहिताना घाई करू नका

कन्सेंट टर्म्स म्हणजे दोघांनी ठरवलेल्या अटींचा लेखी कागद. इथे लोक थकलेले असतात, "दे सही, सुटू एकदाचं" असा मूड असतो, आणि इथेच फसतात. पैसे कधी आणि कशाने, हे तारखेसकट लिहा, डीडी की आरटीजीएस तेही. संमतीच्या घटस्फोटात डिक्री होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच तसं सांगितलंय, म्हणून सगळे पैसे आधी देऊ नका आणि सगळे शेवटीही ठेवू नका. काही पहिल्या मोशनला, म्हणजे संमतीचा अर्ज दाखल होताना, काही दुसऱ्याला, म्हणजे थांबायची मुदत संपून डिक्री होताना, आणि फौजदारी केस असेल तर काही ती रद्द होताना.

ते फौजदारीचं नीट समजून घ्या. ४९८अ, म्हणजे नवरा आणि सासरच्यांनी छळ केल्याचं कलम, जे आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, ते "आम्ही मागे घेतो" म्हणून पोलीस स्टेशनात मागे घेता येत नाही. समझोता झाल्यावर हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो, म्हणजे नाशिककरांना सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई, आणि फिर्यादी बाईनेही तिथे हजर राहून किंवा शपथपत्र देऊन संमती द्यायची. मुंबईच्या वकिलाचा खर्च कोण करणार हेसुद्धा टर्म्समध्ये लिहा, आमच्या ओळखीत एकाचं सगळं मिटलं आणि या खर्चावरून परत सहा महिने अडलं.

मुलांच्या बाबतीत फक्त "वडिलांना भेटता येईल" असं लिहून भागत नाही. कुठल्या रविवारी, किती ते किती, दिवाळीचे कोणते दिवस, मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी कशी, आजी आजोबा, व्हिडिओ कॉल, आजारी पडली तर कोण ठरवणार, शाळा बदलायची तर दोघांची सही लागेल का. आणि काही बायका म्हणतात मुलाचे पैसे नकोत फक्त मोकळं करा, तर मुलाचा पोटगीचा हक्क मुलाचा आहे, आई तो सोडून देऊ शकत नाही.

स्त्रीधनाची यादी ग्रॅममध्ये करा, "मंगळसूत्र एक, पाटल्या दोन" असं नको. फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्ज चालू असेल तर नुसतं "फ्लॅट तिचा" लिहून बँक ऐकत नाही, कर्जातून एकाचं नाव काढायला बँकेची परवानगी लागते आणि हिस्सा सोडायचा कागद रजिस्टर करावा लागतो, तो डिक्रीआधी करायचा की नंतर याने स्टॅम्प ड्युटीत फरक पडू शकतो, हे विचारून घ्या. एकरकमी रक्कम आणि दरमहाची पोटगी यांच्याकडे इन्कम टॅक्सवाले वेगवेगळ्या नजरेने बघतात, एकदा सीएला दाखवा.

टर्म्स झाल्या की कोर्टात पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन चालू केसच संमतीच्या घटस्फोटात बदलून घेता येते, आमचं तसंच झालं. कायद्यात किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असणं आणि त्यानंतर सहा महिन्यांची थांबायची मुदत आहे, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती सहा महिन्यांची अट कोर्ट माफ करू शकतं, जर वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुलं वगैरे सगळं ठरलेलं असेल. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही.

लढायचंच असेल तर

काहींना दुसरा रस्ताच नसतो, त्यांना मी मध्यस्थीचं प्रवचन देणार नाही. फक्त तयारीने जा. समन्स बेलिफाकडून जातं, समोरचा ते चुकवतो, पत्ता बदलतो, इथेच तीन-चार तारखा जातात. मग त्याची कैफियत (म्हणजे लेखी उत्तर), काउन्सेलर, अंतरिम अर्ज, मुद्दे, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद. हिंदू विवाह कायद्यात सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, वाचून मला हसू आलं होतं. फॅमिली कोर्टाच्या निकालानंतर अपील, तेही परत मुंबईला.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रात बाईला घटस्फोट आणि पोटगीच्या केसला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, पण हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अटही नाही, १५१०० वर फोन करून विचारता येतं. खाजगी वकील करणार असाल तर फी तारखेप्रमाणे आहे की एकरकमी, हायकोर्टाचं त्यात धरलंय का, हे वकीलपत्रावर सही करायच्या आधी विचारा, लाजू नका. पुढची तारीख वकिलाच्या भरवशावर ठेवू नका, ईकोर्ट्सचं ॲप टाका, त्यात केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर घातला की तारीख आणि आदेश दिसतात. मी एकदा रजा टाकून, मुलीला आईकडे सोडून सकाळी साडेदहाला पोचले आणि कळलं की तारीख आदल्याच दिवशी होऊन गेली.

आणि लढायला निघालात म्हणून मध्यस्थीचं दार बंद होत नाही. पुरावा चालू असताना, अगदी युक्तिवादाच्या आधीही टेबलावर बसता येतं. उलटतपास झाल्यावर तर बऱ्याच जणांचा राग जरा खाली येतो, कारण आपली बाजू वाटली होती तेवढी पक्की नाही हे दोघांनाही कळलेलं असतं. त्या सुमाराला वकिलाला परत एकदा विचारा.

डिक्री झाली की

त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करा आणि प्रमाणित नकला चार-पाच तरी काढा. बँक, पासपोर्ट, मुलीची शाळा, रेशनकार्ड, सोसायटी, सगळ्यांना लागते आणि प्रत्येकजण झेरॉक्स बघून तोंड वाकडं करतो. पीएफचं नॉमिनेशन बदला, ऑफिसच्या मेडिक्लेमवरचं नाव बदला, गॅस कनेक्शन बघा. मी सगळं केलं असं समजून निवांत होते, आणि आठ महिन्यांनी एलआयसीच्या एजंटकाका प्रीमियमची पावती द्यायला आले तेव्हा बघते तर पॉलिसीवर वारस म्हणून अजून त्याचंच नाव.